शेवटच्या रांगेतला हात

उजवा हात कानाच्या वर जायचा. तळवा मोकळा, बोटं जराशी फाकलेली. आणि मग ते म्हणायचे, "पोचलं."

पंगतीत वाढप्या पुढे आला आणि पोट भरलेलं असलं, की "पुरे" न म्हणता हात वर. गावाकडचं कुणी निरोप घेऊन आलं, की त्याचं बोलणं संपायच्या आत हात वर. एकदा आमच्या नाटक कंपनीच्या मालकांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. मालकांची जीभ मोठी तिखट. बोलून बोलून ते दम घ्यायला थांबले, तेव्हा समोरचा हात शांतपणे वर झाला. "पोचलं, मालक." मालकांना हसू आलं आणि सगळा राग वाया गेला.

तुम्ही आम्ही गाणं ऐकायला बसतो तेव्हा गाणाऱ्याकडे बघतो. फार तर पेटीवाल्याकडे, तबलजीकडे. पाठीमागे वळून कोण बघतं? मला मात्र गाताना समोर, अगदी शेवटच्या रांगेच्याही मागे बघावं लागे. तिथे ते उभे असत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं लिंबागणेशला आहेत आणि जे मी पुढे सांगणार आहे ते त्यांना पुरतं ठाऊक नाही. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला भाचेबुवा. नातं असं काही नव्हतं. कंपनीतली बाकी सगळी माणसं इंग्रजी मुलखातली. आम्ही दोघेच निजामाच्या राज्यातले, ते लिंबागणेशचे आणि मी पाटोद्याचा. निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत, म्हणून कंपनीतले आम्हाला "मोगल" म्हणून चिडवत. "काय मोगल, आज भाकरी मिळाली का?" मामा म्हणायचे, "मोगल म्हन्ता तर सलाम करून बोला की."

मामा मूळचे गाडीवान. कंपनी एकदा बीडला आली होती, तेव्हा नगरहून तिचं सामान आष्टीच्या वाटेनं आणणाऱ्या गाड्यांत त्यांची एक गाडी होती. बीडला उघड्या मैदानात खेळ होता. पडदा उघडण्याआधी मालकांनी रंगमंचावरून विचारलं, "मागे ऐकू येतंय का?" पुढचे लोक एकसुरात "येतंय, येतंय" ओरडले. पार पलीकडे, सोडलेल्या गाडीच्या जूवर बसलेल्या एका माणसाने फक्त हात वर केला.

खेळ संपल्यावर मालकांनी त्यांना बोलावून विचारलं, "तोंडानं का नाही बोललास?"

"आमच्याकडं असंच हाय. जोंधळ्याच्या राखनीला वावरात लाकडाचा उंच माळा असतो, मानूस त्याच्यावर. या माळ्यावरून त्या माळ्यावर हाळी दिली, की ऐकनाऱ्यानं हात वर करायचा. उलटी हाळी कावून द्यायची? दम राखायचा असतो. पाखरं हाकायची असतेत."

मालकांना ही रीत इतकी आवडली की त्यांनी मामांना कंपनीतच ठेवून घेतलं. बैल भावाच्या हवाली करून मामा आमच्याबरोबर निघाले. त्यांचं काम बिछायत घालायची आणि दिवे पुसायचे. पण खरं काम तालमीला शेवटच्या रांगेमागे उभं राहायचं. पद सुरू झालं की मालक गाणाऱ्याकडे पाठ करून मामांच्या हाताकडे बघत. हात वर झाला तर पद पास. नाही झाला तर पुन्हा.

त्या वर्षी कंपनीचा मुक्काम मुंबईला, समुद्राच्या अगदी काठावरच्या एका थिएटरात पडला. लाकडाच्या भिंती, वर पत्रा. पण केवढं मोठं! पाटोद्याचा सबंध आठवडी बाजार आत बसवला असता तरी कडेनं बैल बांधायला जागा उरली असती. मागच्या भिंतीला सगळी दारंच होती आणि ती समुद्रावर उघडायची. बंद ठेवली तर आतली माणसं उकडून निघत. उघडी ठेवली तर वाऱ्याबरोबर समुद्राचा आवाज आत येई. भरतीला लाट बांधावर आपटली की शेवटच्या रांगांच्या अंगावर तुषार यायचे.

मामांनी समुद्र तोवर पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ते दारात बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, माणूस भारावला. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "भाचेबुवा, हे गप कवा बसतं?"

"गप बसत नाही मामा. समुद्र आहे तो."

"लई बोलतं बे." आणि मग जरा विचार करून, "आनि ऐकत कुनाचंच न्हाई."

तिथून पुढे समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी तिकीट न काढता आत शिरलेला आडदांड प्रेक्षक. दुपारी थिएटर रिकामं असताना ते मागच्या दारात उभे राहून त्याला दटावत. "सांच्याला दुसऱ्या अंकात मोठं पद हाय. जरा मानसावानी ऱ्हा." कोळ्यांना विचारून ते भरतीची वेळ काढायचे आणि नटांना आधी सांगायचे, "आज शेवटाला पानी चढतंय, गळा राखून गा." वेळ पुष्कळदा चुकायचीही. चुकली की म्हणायचे, "कोळ्यानं फसवलं." कोळ्यांचं म्हणणं, हा माणूस सांगितलेलं अर्धंच ऐकतो. त्या बोलण्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटच्या रांगांत गोदीतले हमाल यायचे, गिरण्यांतली माणसं यायची. दिवसभर ओझी वाहून आलेली. काही तर उभ्यानेच नाटक बघायचे. मामांचा जीव त्यांच्यात. पुढच्या कोचांवर बसणारे शेटलोक त्यांच्या खिजगणतीत नसत. "फुडचे तोंड बघाया येतेत," ते म्हणायचे. "ऐकाया येतेत ते मागचे. त्यान्ला दिसत तर काय न्हाई. मंग ऐकू बी नको?"

आमच्या मुख्य गायकनटाचा आवाज म्हणजे घंटेचा टोल. तो समुद्रावरून आरपार जायचा. त्यांनी वरचा सूर लावला, की मी विंगेतून बघायचो. मागच्या अंधारात, उघड्या दाराच्या निळसर चौकटीत, एक हात वर झालेला दिसे. त्या हाताकडे बघत मी कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलं आहे, हा हात एकदा माझ्यासाठी वर झाला पाहिजे.

माझा आवाज गोड होता. हे मी आज दुकानाच्या गादीवर बसून सांगतो तेव्हा हसू येतं, पण होता. लहान आणि गोड. पाटोद्याला मठातल्या भजनात लोक डोळे मिटून ऐकायचे. मठ केवढा, दहा पावलांचा.

एके दुपारी आम्ही दोघं वाळूत भाकरी खात बसलो होतो. ज्वारीचं पीठ मिळालं की मामा स्वतः थापायचे. मी काहीतरी सांगत होतो आणि ते नुसते समोर बघत होते. मी पुन्हा सांगितलं. मग ते वळले आणि म्हणाले, "डावीकडं येऊन बस. उजवीकडं भिंत हाय."

मला काही उमजेना. भिंत कुठे होती? सगळीकडे वाळू.

त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं. गेल्या पावसाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून तो कान बंद झाला होता. डावा चांगला होता. म्हणून तालमीला ते आता तिरपे उभे राहत, डावा कान रंगमंचाकडे करून. "एका कानानं बी मला समदं कळतं," ते म्हणाले. "पर मालकाला कळलं तर त्यांचा भरवसा जाईल. तुलाच सांगतोय. आपल्या मुलखातला हायेस."

मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली. ते हसले. "माज्या गळ्याची नको. तुज्या गळ्याची घे, तो कामाचा हाय."

मी माझ्या गळ्याची शपथ घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुख्य नटांचा घसा बसला. वैद्याने बोलायलाही मनाई केली. नाटकं जाहीर झालेली, थिएटर ठरलेलं. मालकांनी मला बोलावलं. "तुला त्यांची पदं पाठ आहेत. तालीम घे. हात वर झाला तर भूमिका तुझी."

पहिल्या तालमीला मी गायलो. मालक पाठ करून उभे. मागे मामा, तिरपे. पद संपलं. हात वर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जोर लावून गायलो. हात वर झाला नाही. मालक म्हणाले, "उद्या एकदा बघू. नाहीतर खेळ रद्द करतो."

तालीम संपल्यावर मी मागच्या दारात गेलो. मामा जाजमं झटकत होते.

"मामा, असं काय करता?"

"काय केलं?"

"हात."

त्यांनी जाजम खाली ठेवलं. "भाचे, तुजा आवाज मधल्या खांबापस्तोर येतो. लई गोड येतो. तिथून फुडं समुद्र खातो."

"एकदा वर केला तर काय जाईल तुमचं? आपण एका मुलखातले ना?"

"माजं काय जात न्हाई," ते म्हणाले. "मागच्यांचं जातं."

 मी म्हणालो, "तुम्हाला ऐकूच येत नसेल. एक कान गेलेला माणूस तुम्ही."

त्यांनी पुन्हा जाजम उचललं आणि झटकायला लागले.

मी तसाच मालकांकडे गेलो. त्यांना सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही. माणसानं खरं बोलावं असं आपण मुलांना शिकवतो. खरं कशासाठी बोलावं, ते शिकवायचं राहून जातं. मालकांचा विश्वास बसेना. मग मीच त्यांना युक्ती दिली. म्हणालो, "उजव्या बाजूनं हाक मारून बघा."

दुसऱ्या दिवशी तालमीआधी सगळी मंडळी जमली होती. मामा नेहमीच्या जागी, तोंड समुद्राकडे करून, दाराचा अडसर बसवत होते. मालक त्यांच्या उजव्या हाताला जरा अंतरावर गेले आणि त्यांनी साध्या आवाजात हाक मारली. मामा अडसर बसवत राहिले. मालकांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. लाटेचा आवाज होता, पण एवढा नव्हता. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एकजण.

अडसर बसला. मामा वळले. सगळी कंपनी आपल्याकडे बघते आहे, मालक जवळ उभे आहेत, एवढं त्यांना दिसलं. काहीतरी विचारलं गेलंय, हे त्यांनी ओळखलं. आणि त्यांनी हात वर केला.

"पोचलं, मालक."

मोठा हशा पिकला. मालक हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, "काय पोचलं, मामा?"

वर गेलेला हात तसाच राहिला. मामांनी एकेका तोंडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या कानाची गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती.

मालक निर्दय नव्हते. बिछायतीचं काम करत राहा, म्हणाले. मामा म्हणाले, "हातावर भरवसा न्हाई ऱ्हायला, मंग जाजमं कुनासाठी घालू?" संध्याकाळच्या गाडीनं ते निघाले.

मी स्टेशनवर गेलो होतो. त्यांचं बोचकं मीच उचललं होतं. गाडी लागायला वेळ होता, आम्ही फलाटावर शेजारी उभे होतो. मी सरकत सरकत त्यांच्या उजव्या बाजूला गेलो. आणि तिथून, हळू आवाजात, म्हणालो, "मामा, मीच सांगितलं. माझं चुकलं."

ते इंजिनाकडे बघत होते. तसेच बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, कबूल तर केलंस. हो, मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलो. पण ज्या बाजूनं ऐकू जाणार नाही ती बाजू मी निवडली होती. आदल्या दिवशी मालकांना दाखवलेलीच बाजू.

खेळ झाला. मी गायलो. शेवटच्या रांगांमागे कुणी उभं नव्हतं. पहिल्या अंकात मागच्या लोकांनी माना पुढे काढून ऐकायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं. दुसऱ्या अंकात ते एकेक करून उठले आणि समुद्राकडच्या दारांतून बाहेर गेले. शिट्ट्या मारल्या असत्या, आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ते बांधावर जाऊन पाठमोरे बसले. दिवसभर ओझी वाहून आलेली माणसं. पुढच्या कोचांवरून टाळ्या येत होत्या.

मुख्य नटांचा घसा सुटला आणि मी पुन्हा किरकोळ भूमिकांत गेलो. त्यांच्या पदाला मागून हात वर होईना, म्हणून तेही बिचकायला लागले. हंगाम संपताच मी कंपनी सोडली आणि पाटोद्याला वडलांच्या दुकानात येऊन बसलो. लिंबागणेश काही लांब नाही. तरी वर्षामागून वर्षं गेली. तिकडचं गिऱ्हाईक आलं की मी आडून आडून विचारायचो. "हायेत की," कुणी सांगायचं. "ठार बहिरे झालेत. देवळात कीर्तन असलं की सगळ्यात मागं जाऊन उभे राहतेत. ऐकू काय येत असंल, देव जाने."

ठार बहिरे. म्हणजे आता डावी बाजूही राहिली नव्हती. आता सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार आणि ते सगळ्या गावाला ऐकू जाणार. मी आणखी काही वर्षं गेलो नाही.

अखेर एका हुरड्याच्या दिवसांत गेलो. घरी कळलं की ते वावरात आहेत, राखणीला. "ऐकू येत न्हाई, पर पाखरं दिसतेत की," त्यांची सून म्हणाली. वावराच्या बांधावर पोचलो. पलीकडच्या टोकाला, ज्वारीच्या कणसांवर, चार लाकडांचा माळा. त्याच्यावर मुंडासं बांधलेला एक बारकासा माणूस, हातात गोफण. मधे सगळं पीक वाऱ्यानं हेलावत होतं. तसाच, समुद्रासारखा आवाज करत.

मला पीक तुडवून जवळ जाता आलं असतं. बांधाबांधानं वळसा घालूनही जाता आलं असतं. पण जवळ गेलो तर मी पुन्हा गप्प बसणार, हे मला माहीत होतं. मी बांधावर उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली.

"मामा! मी सांगितलं होतं! उजव्या कानाचं! मालकाला मी सांगितलं!"

शेजारच्या वावरातल्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "येडं हाय का काय गं हे? बहिऱ्याला वरडतंय." मी पुन्हा ओरडलो. आयुष्यात एवढा आवाज मी कधी लावला नव्हता. घसा फाटला. ज्या गळ्याची शपथ घेतली होती तोच.

माळ्यावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. बराच वेळ. मग त्याने गोफण डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. तळवा मोकळा, बोटं जराशी फाकलेली.

मी जवळ गेलो तेव्हा ते खाली उतरले होते. शेणींवर कणसं भाजायला घातली होती. मला बघून बोळक्या तोंडानं हसले. "भाचेबुवा! किती वाळलास." मी पाया पडलो. सवयीनं त्यांच्या डाव्या हाताला बसायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तिकडं नको. इकडं बस." आणि उजवीकडची माती हातानं साफ केली. "फलाटावर बी हितंच हुबा व्हतास."

मग त्यांनी गरम कणीस तळव्यावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि हिरवा हुरडा माझ्या ओंजळीत ओतला. आम्ही खात बसलो.   आता बोलून उपयोगही नव्हता.

दूरवरून ओरडणारा माणूस दिसला तर बहिरा राखणदारही रीतीनं हात वर करील, हे मला कळतं. त्या हाताचा अर्थ काय, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या हशातला तो एक दिवस सोडला, तर त्यांचा हात खोट्यासाठी कधी वर झाला नव्हता, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

पुढच्या सुगीला ते नव्हते. मी गेलो होतो. सुनेनं माळा मोडला नव्हता. वर कुणी नाही म्हणून त्याच्या चारही लाकडांवर पाखरं बसलेली, खाली कणसं टिपणारी. मी बांधावर उभा राहून हाळी दिली. पाखरं उडाली आणि वावरभर फिरून, पुन्हा तिथेच येऊन बसली.